नव्या साहेबांना जुन्या मेंटेनन्सवाल्याची किंमत आकड्यांत कशी दाखवायची

एमआयडीसीतल्या कारखान्यात प्लँट हेड बदलला की मेंटेनन्स खात्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो. नवे साहेब फायनान्स किंवा सेल्समधून आलेले असतील, तर त्यांच्या टेबलावर सुरुवातीला तीनच कागद येतात: पगारपत्रक, ब्रेकडाउनचे तास आणि स्पेअरचा खर्च. वीस-बावीस वर्षे झालेला टेक्निशियन पहिल्या कागदावर वरच्या ओळीत दिसतो आणि उरलेल्या दोन्हींवर फक्त अडचणीच्या वेळी. जे मशीन बंद पडलेच नाही, त्याचा कागद कुठल्याच फायलीत नसतो. तो कागद कसा तयार करायचा, ते इथे सांगितले आहे. उदाहरणे ऑटो पार्ट बनवणाऱ्या मशीनिंग प्लँटची घेतली आहेत: सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनची) लाइन, एक-दोन कॉम्प्रेसर, तीन शिफ्ट. रकमा नमुन्याच्या आहेत, तिथे आपले आकडे घाला.

साहेबांना वर काय विचारतात ते आधी शोधा

प्लँट हेडला महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये पीएलसीबद्दल (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरबद्दल) कोणी विचारत नाही. विचारतात ते डिस्पॅच चुकला का, ओव्हरटाइम किती, नगामागे वीज किती, रिजेक्शन किती, ऑडिटमध्ये काय निघाले. तुमचे काम यांतल्या ज्या प्रश्नाला भिडते, तिथूनच सुरुवात करा. तुमच्या मेंटेनन्स मॅनेजरला किंवा प्लॅनिंगवाल्याला विचारले तर या महिन्यात साहेब कशावरून अडचणीत आहेत ते सहज कळते.

वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यात आणखी एक आधार मिळतो. या उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या, आयएटीएफ १६९४९ च्या, कलम ८.५.१.५ मध्ये मेंटेनन्सची उद्दिष्टे लेखी हवीत असे म्हटले आहे आणि ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता), एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ), एमटीटीआर (दुरुस्तीचा सरासरी वेळ) ही उदाहरणे तिथेच दिली आहेत. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.६ मध्ये संस्थेकडचे ज्ञान जपण्याची अपेक्षा आहे. ही कलमे क्वालिटीवाल्यांना पाठ असतात. त्यांच्याशी बोलून घ्या, कारण तुम्ही मांडणार असलेले आकडे कारखान्याला तसेही ठेवावेच लागतात.

बंद तासाचा भाव अकाउंट्सकडून घ्या

सगळ्या हिशेबाचा पाया हाच आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात. 'लाइन तासाला दहा हजारांचा माल काढते, म्हणजे तासाचे नुकसान दहा हजार' असे म्हटले की फायनान्समधून आलेला माणूस पुढचे ऐकायचे थांबवतो. विक्री किंमत म्हणजे नुकसान नव्हे. मशीन बंद असताना कच्चा मालही वापरला जात नाही.

हिशेब असा करा. लाइन तासाला ६० नग काढते, नगाची किंमत १८० रुपये आणि कच्चा माल, टूल, वीज मिळून नगामागे बदलता खर्च १२० रुपये. उरतात ६० रुपये. म्हणजे तासाला ३,६०० रुपये. हा भावसुद्धा फक्त त्या मशीनला लावायचा, जिच्यामुळे अख्खी लाइन अडते आणि गेलेला माल नंतर भरून काढता येत नाही. रविवारी ओव्हरटाइम लावून माल भरून निघत असेल, तर नुकसान ओव्हरटाइमपुरतेच. उदाहरणार्थ सहा माणसे, दोन तास, दुप्पट दराने तासाला २२० रुपये, म्हणजे २,६४० रुपये. आणि शेजारी तसेच दुसरे मशीन मोकळे असेल, तर नुकसान जवळपास शून्य धरा.

त्यामुळे मशीनचे तीन गट पाडा: लाइन अडवणारी, ओव्हरटाइमने भरून निघणारी, पर्याय असलेली. प्रत्येक गटाचा तासाचा भाव अकाउंट्सकडून लिहून घ्या आणि खाली त्यांची सही किंवा मेल ठेवा. भाव त्यांचा असला की पुढच्या कुठल्याही कागदावर 'हा आकडा आणला कुठून?' हा प्रश्न उरत नाही.

ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये वेळेचे तुकडे

बहुतेक रजिस्टरमध्ये दोनच वेळा असतात: बंद कधी, चालू कधी. १९५ मिनिटे बंद असे लिहिले की ती सगळी मिनिटे मेंटेनन्सच्या खात्यावर चढतात. त्याऐवजी सहा वेळा लिहा: बंद पडले, कळवले, दोष सापडला, स्पेअर हातात आले, दुरुस्ती संपली, पहिला ओके नग निघाला. मग त्याच १९५ मिनिटांचे चित्र असे दिसते: कळवायला १०, दोष शोधायला २५, स्पेअरची वाट १२०, दुरुस्ती ३०, सेटिंग आणि पहिला नग १०.

यात टेक्निशियनचे कौशल्य २५ आणि ३० या दोन आकड्यांत आहे. १२० हा स्टोअरचा आणि खरेदीचा प्रश्न. तीन महिन्यांची अशी नोंद जमली की स्पेअरच्या वाटेवर गेलेल्या मिनिटांची बेरीज करा. साहेबांना तुमच्याबद्दल पहिली खात्री बहुधा याच बेरजेतून पटते, कारण त्यात त्यांना निर्णय घेण्यासारखे काहीतरी सापडते: कोणती चार स्पेअर स्टॉकला ठेवायची.

कारणाच्या रकान्यात 'सेन्सर खराब, बदलला' असे लिहून थांबू नका. सेन्सर का गेला ते लिहा: कूलंट आत शिरला, केबल चिपने कापली, ब्रॅकेट ढिला होऊन जॉब आदळला. शेजारी 'तात्पुरते' किंवा 'कायमचे' असा शेरा हवाच. रात्री वायर मुरगाळून चालू केलेले मशीन रजिस्टरमध्ये 'दुरुस्त' म्हणून गेले, की पुढच्या ब्रेकडाउनला तुमच्याच सहीवर बोट ठेवले जाते.

एमटीबीएफ काढणे सोपे आहे: चाललेले तास भागिले बिघाडांची संख्या. १,५०० तासांत सहा बिघाड म्हणजे २५०. तीन झाले तर ५००. पण सहाचे तीन हे नशिबानेही होऊ शकते. एका तिमाहीवरून 'दुप्पट सुधारणा' म्हणू नका. दोन तिमाही तसेच टिकले, तर म्हणा.

घरून फोनवर सोडवलेल्या अडचणींची वेगळी वही ठेवा. रात्री पावणेदोनला थर्ड शिफ्टचा फोन आला, कोणते मशीन, कोणता अलार्म, काय सांगितले, किती मिनिटांत चालू झाले. ही सेवा वर्षानुवर्षे फुकट जाते आणि कोणाच्याच हिशेबात येत नाही. वहीतल्या ओळीवर सकाळी त्या शिफ्टच्या सुपरवायझरची सही घ्या.

टळलेल्या ब्रेकडाउनचा पुरावा

'मी वेळेवर पकडले नसते तर मोटर जळाली असती' या वाक्याला किंमत नाही. खरे असले तरी नाही. त्याच्यामागे चार गोष्टी लागतात: आधीचे माप, नंतरचे माप, काढलेला भाग आणि प्रॉडक्शनच्या माणसाची सही.

२२ किलोवॉटच्या ब्लोअरचे उदाहरण घेऊ. ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगचे व्हायब्रेशन पाच आठवड्यांत २.१ वरून ६.८ मिमी प्रति सेकंदावर गेले. १५ ते ३०० किलोवॉटच्या, कडक पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी आयएसओ १०८१६-३ (२०२२ पासून त्याच्या जागी आयएसओ २०८१६-३) प्रमाणे ४.५ च्या वर धोक्याचा पट्टा सुरू होतो. शिफ्ट बदलताना बेअरिंग बदलले, नंतरचे माप १.६. काढलेले ६३१० बेअरिंग धुऊन, बाहेरची रिंग कापून, उडालेले पापुद्रे स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या आणि बेअरिंग तारीख-मशीन नंबरच्या टॅगसह पिशवीत ठेवा. इंजिनिअरिंगशी संबंध नसलेल्या माणसालाही खड्डे पडलेली रिंग बोटाने चाचपता येते. व्हायब्रेशनच्या स्पेक्ट्रमचा आलेख दाखवून तेवढा परिणाम होत नाही.

माप नेहमी त्याच जागी, त्याच दिशेने आणि तेवढ्याच लोडवर घ्या, नाहीतर आधी-नंतरची तुलना खोटी ठरते. पॅनलमधला ढिला लग (केबलच्या टोकाची जोडणी) थर्मल कॅमेऱ्याने दाखवतानाही हेच पथ्य: तिन्ही फेजचे तापमान एकाच फोटोत, आणि त्या क्षणीचे अँपिअर खाली लिहिलेले. दोन फेज ५१ आणि ५३ अंश, तिसरा ९२, करंट मात्र तिन्हींचा सारखा: एवढे पुरते.

पैसे लिहिताना दोन रकाने करा. 'नक्की' मध्ये बेअरिंगची किंमत आणि लागलेला वेळ. 'टळले असावे' मध्ये मोटर रिवाइंडिंगचे (जळालेली वाइंडिंग पुन्हा भरण्याचे) खरे कोटेशन आणि मागच्या वेळी अशीच मोटर गेली तेव्हा लाइन किती तास बंद होती तो रजिस्टरमधला आकडा. बेरीज करताना दुसऱ्या रकान्यातली खालची मर्यादा घ्या. वरची घेतली आणि एखाद्याने खोडून काढली, की उरलेला कागदही संशयात येतो.

सीएनसीची बॅटरी हा याच प्रकारातला सगळ्यात स्वस्त आणि पटकन कळणारा मुद्दा आहे. फॅनक कंपनीच्या कंट्रोलमध्ये मेमरीची बॅटरी उतरली तर पॅरामीटर आणि प्रोग्रॅम जाऊ शकतात; अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा सांगणाऱ्या सेन्सरची) बॅटरी गेली तर अक्षांची रेफरन्स जागा पुन्हा सेट करावी लागते. बॅटरीचा अलार्म दिसला की ती कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. नवखा माणूस सवयीने मेन स्विच बंद करून बदलतो आणि मशीन दोन दिवस उभे राहते. प्रत्येक मशीनपुढे बॅटरी बदलल्याची तारीख, पॅरामीटर आणि लॅडरच्या (पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या) बॅकअपची तारीख, फाइल कुठे आहे, असा एक तक्ता करा. बहुतेक ठिकाणी हा तक्ता नसतोच, आणि साहेबांना तो पहिल्या नजरेत समजतो.

पहिला ठोस आकडा: हवेची गळती

नव्या साहेबांसमोर पहिले काम असे निवडा, ज्याचा परिणाम वीजबिलात दिसेल आणि ज्याला खर्च जवळजवळ नाही. कॉम्प्रेस्ड एअरची गळती यासाठी उत्तम. ७ बारवर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज खातो.

चाचणी सुट्टीच्या दिवशी करा. सगळी मशीन बंद, पण मशीनपर्यंतचे हवेचे व्हॉल्व्ह उघडे. एकच कॉम्प्रेसर चालू ठेवा. लोड (हवा भरत असताना) किती वेळ आणि अनलोड (हवा न भरता नुसता फिरताना) किती वेळ, हे स्टॉपवॉचने आठ-दहा चक्रे मोजून सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड-अनलोडची बेरीज, हे गळतीचे प्रमाण. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटे अनलोड असेल तर २५ टक्के. ३०० सीएफएमच्या (मिनिटाला ३०० घनफूट हवा देणाऱ्या) कॉम्प्रेसरवर ७५ सीएफएम. व्हीएफडी (गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या) कॉम्प्रेसरवर ही पद्धत चालत नाही. तिथे डिस्प्लेवरचा वेग किंवा फ्लो वाचा.

मग साबणाचे पाणी घेऊन फिरा. गळती ठरलेल्या जागी सापडते: एफआरएलचा (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरचा) बाउल, क्विक कपलिंग, पीयू ट्यूबची पुश फिटिंग, सिलिंडरचे ग्लँड सील, अडकून उघडा राहिलेला ऑटो ड्रेन. प्रत्येक जागेला नंबरचा टॅग लावा, दुरुस्ती करा, पुढच्या सुट्टीला तीच चाचणी पुन्हा घ्या. समजा आता ४० सेकंद लोड, सहा मिनिटे अनलोड. म्हणजे १० टक्के.

आता पैशांचा हिशेब, आणि इथे घाई नको. ४५ सीएफएम वाचले, म्हणजे साधारण ८.३ किलोवॉट, वर्षाला ६,००० तास, युनिटला ९ रुपये: साडेचार लाख. हा आकडा छान दिसतो, पण चुकीचा आहे. लोड-अनलोड कॉम्प्रेसर अनलोड असतानाही वीज घेत राहतो. पॉवर मीटरवर लोडला ५५ आणि अनलोडला १६ किलोवॉट असतील, तर फरक ३९. लोडची वेळ १५ टक्क्यांनी कमी झाली, म्हणून बचत ५.८५ किलोवॉट. वर्षाला ३५,१०० युनिट, ३,१५,९०० रुपये. बिलात हाच आकडा येणार. नुसता क्लॅम्प अँमीटर लावून हे माप घेऊ नका. अनलोडला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा भाग) पडतो, अँपिअर तेवढे कमी होत नाहीत आणि हिशेब फसतो. किलोवॉट दाखवणारा मीटर लागतो.

पॉवर फॅक्टरही नजरेखालून घाला. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोवॉट-अवर भागिले पॉवर फॅक्टर) आकारले जाते. महिन्याला एक लाख किलोवॉट-अवर वापरणाऱ्या प्लँटचा पॉवर फॅक्टर ०.९० असेल तर बिलात १,११,१११ युनिट लागतात, ०.९८ ला १,०२,०४१. ४४० व्होल्टचा २५ केव्हीएआरचा, पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर फेजला सुमारे ३३ अँपिअर घेतो. २० वर आला असेल तर बदलायला झाला. पॅनल उघडून मापायला अर्धा तास पुरतो, पण ते काम परवानाधारक माणसानेच करायचे.

एक पान, आणि लाइनवरची वीस मिनिटे

तीन महिन्यांची नोंद जमल्यावर सगळे एका पानावर आणा. वर तीन आकडे: लाइन अडवणाऱ्या मशीनचे बंद तास (आधी आणि आता), स्पेअरच्या वाटेत गेलेले तास, बिलात दिसणारी बचत. खाली टळलेले दोन-तीन बिघाड फोटोंसह. शेवटी साहेबांकडून हवा असलेला एक निर्णय. पॉवरपॉइंट नको. पान तुमच्या मेंटेनन्स मॅनेजरच्या हातून किंवा त्यांच्यासोबतच वर जाऊ द्या. त्यांना डावलून थेट प्लँट हेडकडे गेलात, तर आकडे बरोबर असूनही एक कायमचा शत्रू तयार होतो.

साहेबांना लाइनवर बोलावलेत तर शिफ्ट चालू असताना बोलवा आणि तीनच ठिकाणी थांबा: साबणाचे बुडबुडे येणारी एक गळती, पिशवीतले बेअरिंग, बॅटरीचा तक्ता. मशीन कसे चालते हे शिकवायला बसू नका. त्यांना ते नको असते, आणि 'यांना काहीच कळत नाही' हा सूर नकळत तुमच्या आवाजात येतो.

रोजच्या बोलण्यात एक शिस्त ठेवा: वेळ, पैसे, धोका आणि तुमचे मत. 'सर, १४ नंबरचा कूलंट पंप आवाज करतोय. आज शिफ्ट बदलताना बदलला तर ४० मिनिटे आणि सहा हजार. रविवारपर्यंत बहुधा चालेल, पण मध्येच गेला तर स्पेअर लावून सुरू व्हायला साडेतीन तास. माझ्या मते आजच बदलू.' निर्णय त्यांचा. थांबायचे ठरले तर 'ठीक आहे, रविवारी सकाळी घेतो' असा साधा मेसेज पाठवून ठेवा. आणि पंप खरेच मध्ये गेला, तर त्या मेसेजची आठवण करून देऊ नका. त्यांना तो आठवतोच.

एकट्यालाच येते, हा बचाव नव्हे

बरेच जुने लोक लॅडरचा पासवर्ड, सेटिंगची वही, एखाद्या प्रेसची खोड स्वतःपाशी ठेवतात. आपल्याशिवाय चालत नाही म्हणजे आपण सुरक्षित, असा हिशेब असतो. फायनान्सचा माणूस याच गोष्टीला जोखीम म्हणतो आणि जोखीम कमी करण्याचा त्याला माहीत असलेला मार्ग म्हणजे बाहेरची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार).

म्हणून स्किल मॅट्रिक्स तुम्हीच भरा: आडवी कामे, उभी माणसे, चार भागांचे वर्तुळ, काम जितके येते तितके भाग भरलेले. ज्या रकान्यात एकाच माणसाचे वर्तुळ पूर्ण आहे, तो लाल करा, भले ते नाव तुमचेच असो. मग पंधरा दिवसांतून एक वन पॉइंट लेसन: एक पान, एक फोटो, पाच ओळी, दहा मिनिटांत शिकवता येईल असा. 'चक क्लॅम्प होत नाही: आधी प्रेशर स्विच, मग सोलेनॉइड, मग सिलिंडर' एवढेच. परिणाम मोजायचा तो तुम्ही हजर नसलेल्या शिफ्टमध्ये. थर्ड शिफ्टचा दुरुस्तीचा सरासरी वेळ १४० मिनिटांवरून ७० वर आला, तर ते श्रेय शिकवणाऱ्याचे आहे, आणि शिकवणारा माणूस एएमसीमध्ये मिळत नाही.

एएमसीचा विषय निघालाच, तर विरोध करू नका, तुलना मांडा. वर्षाला किती व्हिजिट, फोनपासून गेटपर्यंत किती तास, रात्री आणि रविवारी येणार का, स्पेअर व प्रवास दरात आहे का, कार्ड रिपेअर कोण करणार. मग मागच्या तिमाहीतले दहा ब्रेकडाउन घ्या आणि प्रत्येकापुढे एएमसीच्या वेळेने किती तास बंद राहिले असते ते लिहा. काही मशीनला एएमसीच परवडते, उदाहरणार्थ लेझर किंवा सीएमएम (मोजमापाचे मशीन). तसे स्पष्ट लिहिलेत तर बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

काय उलटते

सेफ्टी इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी यंत्रणा) बायपास करून लाइन चालू करणे हा जुना 'हिरो'पणा आहे. प्रॉडक्शन त्या रात्री पाठ थोपटते. अपघात झाला की सही तुमची असते. नव्या साहेबांनी दबाव आणला तरी दरवाजाचा स्विच जंपर करायचा नाही आणि नकार लेखी द्यायचा.

'आधीचे साहेब असे करायचे' हे वाक्य बंद. 'मी गेलो तर बघा काय होते' हेही. रजा घेऊन प्लँट अडवून दाखवणारे दोन-चार जण प्रत्येक एमआयडीसीत सापडतात, आणि पुढच्या बजेटमध्ये त्यांच्याच कामाचे कोटेशन मागवले जाते.

बढती, ग्रेड किंवा पगाराचा विषय पहिल्या पानासोबत काढू नका. दोन तिमाहींचे आकडे टिकले की अ‍ॅप्रेझलच्या महिनाभर आधी मागणी मांडा, आणि ती नेमकी असू द्या: कोणता ग्रेड, हाताखाली कोण ट्रेनी, व्हायब्रेशन मीटरसाठी किती रक्कम आणि ती कोणत्या ब्रेकडाउनच्या तासांतून किती महिन्यांत वसूल होते. मीटरची मागणी मंजूर झाली, तर पहिले माप लाइन अडवणाऱ्या मशीनवर घ्या आणि त्याच आठवड्यात रजिस्टरमध्ये लिहा.